दुखणं थांबलं, पायाचा भरवसा गेला : बडोद्यातल्या एका मुरगळलेल्या घोट्याचं वर्षभराचं प्रकरण

देवदिवाळीच्या दोन दिवस आधी वहिनी माझ्याकडे आल्या. वय ४४, बँकेत खिडकीमागची नोकरी, घर दांडिया बाजारात, जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खुर्चीत बसून उजवा पाय पुढे केला आणि म्हणाल्या, "ताई, दुखायचं तसं थांबलंय. पण पायावर भरवसा राहिला नाही. जिना उतरताना खाली बघितल्याशिवाय पाऊल टाकवत नाही."

मी फिजिओथेरपीचं काम करते. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत माझ्याकडे येणाऱ्या पायांची रांग दर वर्षी ठरलेली असते. घोटे, टाचा, पोटऱ्या, गुडघे. त्यातलं हे एकच प्रकरण सविस्तर लिहितेय, वहिनींच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील वगळून. हेच निवडलं, कारण यात हाड मोडलेलं नव्हतं, ऑपरेशन नव्हतं, कुणी जाणूनबुजून हयगय केली नव्हती. घरोघरी होतं तेच झालं होतं. तरीही पाच आठवड्यांनंतर बाईला स्वतःच्याच जिन्याची धास्ती वाटत होती.

चौथी माळ

घरी घट बसलेले, वहिनींचे नऊ दिवस उपास. पहाटे उठून पूजा, माळ, नैवेद्य, दिवसा बँक, रात्री साडेनऊला मैदानावर. चार दिवसांत एकदाही पाच तासांच्या वर झोप झाली नव्हती. वर्षभराचं चालणं म्हणजे घरापासून रिक्षापर्यंत आणि रिक्षापासून बँकेपर्यंत. नवरात्रात मात्र एकदम रोज तीन तास, अनवाणी, मातीच्या मैदानावर, अंगावर भरलेली चणियाचोळी. तो चणिया नंतर मी मुद्दाम वजनकाट्यावर ठेवायला सांगितला होता. पावणेपाच किलो भरला.

चौथ्या माळेला मध्यंतर झालं, गरबा पुन्हा सुरू झाला, लय चढत गेली. दोढियुं हा गरब्याचा प्रकार खेळताना वळून उजवा पाय टेकवला तो नेमका खड्यावर. तळवा आतल्या बाजूला वळला, घोटा बाहेर झुकला आणि सगळा भार त्याच्यावर आला. "कट्" असा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला. मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत, पण दोन्ही पाय टेकवत त्या फाटकापर्यंत आल्या.

पाय टेकवता आले, हे मी केसपेपरवर अधोरेखित केलं. मुरगळलेल्या पायाचा एक्स-रे कधी काढायचा याचे सोपे नियम कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडले आणि आज ते जगभर वापरले जातात. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या टोकावर, किंवा त्याच्या मागच्या कडेनं वर ६ सेंटिमीटरपर्यंत, बोटानं दाबल्यावर नेमकं हाड दुखत असेल तर एक्स-रे. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो उंचवटा लागतो तिथं, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखत असेल तरी एक्स-रे. आणि मुरगळल्यावर लगेच, तसंच तपासणीच्या वेळीही, लंगडत का होईना चार पावलं टाकता येत नसतील तरीही एक्स-रे. यातलं काहीच नसेल तर हाड मोडल्याची शक्यता फारच थोडी. हे नियम घरात कुणाला तरी ठाऊक असावेत असं मला मनापासून वाटतं. ते नसतात म्हणून एकीकडे शाबूत पायांचे एक्स-रे निघतात आणि दुसरीकडे मोडलेल्या पायाला आठवडाभर तेल लागत राहतं. पाय वेडावाकडा दिसत असेल, बोटं थंड किंवा निळी पडली असतील, संवेदना गेली असेल, तर मात्र नियम आठवत बसायचं नाही. तडक दवाखाना.

घरचे उपाय

घरी आल्यावर सासूबाईंनी मायेनं तिळाचं तेल कडकडीत तापवलं, हळद घातली आणि अर्धा तास घोटा रगडला. सकाळी घोट्यावर अंड्याएवढी सूज आणि बोटांपर्यंत उतरलेलं काळंनिळं. रगडल्यामुळे सूज आली असं मी म्हणत नाही, सूज येणारच होती. पण ताज्या फाटलेल्या ऊतींतून रक्त झिरपत असताना, पहिले दोन-तीन दिवस, शेक आणि मालीश त्यात भरच घालतात. तेल पुढे लावा, हवं तितकं लावा. ते दोन-तीन दिवस सोडा.

दुसऱ्या दिवशी दीर त्यांना पाय बसवणाऱ्या एका माणसाकडे घेऊन गेले. त्यानं पाऊल ओढलं, झटका दिला, घट्ट पट्टी बांधली. इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. प्राध्यापक माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचं हे शहर आहे. कुस्ती, मल्लखांब करणाऱ्यांची हाडं आखाड्यातच बसवली जात आणि या कामात माणिकरावांचं नाव होतं. इथल्या जुन्या मराठी घरांत पाय मुरगळला की आधी आखाडा आठवतो, त्याचं मूळ तिथं आहे. त्या परंपरेबद्दल मला आदर आहे. पण आखाड्यातला पोरगा दुसऱ्या दिवशी पुन्हा आखाड्यातच यायचा. उस्ताद त्याच्याकडून हळूहळू बैठका काढून घ्यायचा, मऊ मातीत पाय टेकवायला लावायचा, आणि पाय तयार झाल्याशिवाय जोडीला उभं करायचा नाही. त्यातला झटका तेवढा आपण उचलला, पुढची मेहनत आखाड्यातच राहिली. शिवाय वहिनींच्या घोट्यात बसवण्यासारखं काही निखळलंच नव्हतं. हाडाला हाड बांधणारं लिगामेंट अर्धवट फाटलं होतं, ते ओढून जुळत नाही.

मग अष्टमी आली. दोन दिवस पाय वर ठेवून सूज उतरली होती. वेदनाशामक गोळी, वर क्रेप बँडेज, "फक्त तासभर" म्हणून मैदानावर. दुसऱ्याच फेरीत तोच घोटा तसाच पुन्हा वळला. या वेळी टेकवताच येईना. रात्री दवाखान्यात एक्स-रे निघाला, हाड शाबूत. दोन आठवड्यांचा प्लास्टरचा स्लॅब, विश्रांती, गोळ्या. स्लॅब निघाला तो थेट दिवाळीच्या फराळाच्या घाण्यावर. "हाड मोडलेलं नाही, आता चाला," एवढंच त्यांना सांगण्यात आलं होतं. कसं चालायचं, किती चालायचं, त्याआधी काय करायचं, याबद्दल चकार शब्द नाही.

मला काय सापडलं

दोन्ही पाय शेजारी ठेवून मोजमापं घेतली. भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते बघायचं. डावा ११ सेंटिमीटर, उजवा ५. एका पायावर उभं राहून टाच उचलायची. डाव्यानं १९ वेळा, उजव्यानं ६ वेळा, तीही अर्धीमुर्धी. एका पायावर नुसतं उभं राहणं, डाव्यावर ३० सेकंद आरामात, उजव्यावर ९. डोळे मिटून डाव्यावर ८ सेकंद, उजव्यावर २ सेकंदांत हात टेबलाला. घोट्याभोवती टेप फिरवली तर अजून दीड सेंटिमीटर सूज. बाहेरच्या हाडाच्या किंचित पुढे, खळगीत दाबल्यावर दुखत होतं. टाच धरून पाऊल पुढे ओढल्यावर डाव्यापेक्षा जास्त सरकत होतं, पण शेवटी अडत होतं. म्हणजे लिगामेंट सैल झालं होतं, तुटून सुटलेलं नव्हतं. नडगीची दोन्ही हाडं एकमेकांवर दाबून पाहिली, तिथं दुखलं नाही, त्यामुळे घोट्याच्या वरची इजाही नव्हती.

चौकशी करताना आणखी एक गोष्ट निघाली. दोन वर्षांपूर्वी जिन्यावर हाच पाय मुरगळला होता. "आठ दिवसांत बरा झाला," असं म्हणून त्या विसरूनही गेल्या होत्या. घोटा मुरगळण्याचं सगळ्यात मोठं कारण आधी मुरगळलेला घोटा हेच असतं. चौथ्या माळेची सुरुवात त्या जिन्यावर झाली होती असं माझं मत आहे.

वहिनींना मी जे समजावलं ते इथंही सांगते, कारण सगळे उपचार त्यावर उभे आहेत. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट असतात. पाऊल आत वळलं की त्यातलं पुढचं बहुतेक वेळा आधी फाटतं. लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नव्हे. त्याच्यात नसांची बारीक टोकं असतात आणि पाय या क्षणी किती वाकडा आहे ही खबर ती वर पाठवत राहतात. त्या खबरीवर नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू पाऊल सावरतात. लिगामेंट फाटलं की ही खबर उशिरा पोचते. दुखणं काही आठवड्यांत जातं. लिगामेंटची पहिली डागडुजी सहा-एक आठवड्यांत होते, ती पक्की व्हायला महिनोन्‌महिने, कधी वर्ष लागतं. आणि खबर पोचवण्याची सवय आपोआप पुरती परत येत नाही, ती शिकवावी लागते. डोळे मिटल्यावर वहिनी २ सेकंदांत कलल्या त्या यामुळे. जिन्यावर खाली बघावं लागत होतं तेही यामुळेच. पायाची खबर येत नव्हती म्हणून डोळ्यांना ते काम करावं लागत होतं.

हे ऐकल्यावर त्या रडल्या. "मला वाटलं मी भित्री झाले," म्हणाल्या. घरच्यांनीही तसंच म्हटलं होतं.

स्वयंपाकघरातला सराव

क्लिनिकमध्ये आठवड्यातून एकदाच यायचं आणि बाकी सगळं घरी करायचं असं ठरवलं. जे करायचं ते दिवसाच्या कामात बसलं नाही तर होत नाही, हा माझा अनुभव.

पहिले दोन आठवडे घोटा मोकळा करणं. ओट्याला हात टेकून, टाच न उचलता गुडघा पुढे नेणं, दिवसातून तीन वेळा, दहा-दहा वेळा. पोटरी ताणणं. दोन्ही पायांवर टाचा उचलणं, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. रबरी पट्टा टेबलाच्या पायाला बांधून पाऊल बाहेरच्या बाजूला ओढणं, कारण सावरणारे स्नायू तेच. आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं, सकाळी उजवा, रात्री डावा.

पुढच्या टप्प्यात एका पायावर टाच उचलणं सुरू केलं, मग तेच जिन्याच्या पायरीच्या कडेवर. एका पायावर उभं राहणं आधी साध्या फरशीवर, नंतर घडी घातलेल्या गोधडीवर, नंतर गोधडीवर उभं राहून मुलीनं टाकलेला चेंडू झेलत, शेवटी डोळे मिटून. डोळे मिटताना ओटा हाताशी हवाच. दुखण्याबद्दल एक नियम घालून दिला. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पदावर यायला हवं. आलं नाही तर आदल्या दिवशीचं निम्मं करायचं, बंद करायचं नाही.

बर्फाबद्दल त्यांनी विचारलं. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच हे सूत्र अमेरिकेतल्या डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये लोकप्रिय केलं. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येणं लांबू शकतं. मी बर्फ देते तो फक्त ठणक्यासाठी, पहिल्या दोन दिवसांत, फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं. पाच आठवड्यांनी त्याचा काही उपयोग नव्हता.

डिसेंबरच्या सुरुवातीला, कमुरतं (लग्नं वर्ज्य असलेला धनुर्मास) लागायच्या आधीच्या लग्नघाईत, घरात नणंदेच्या मुलीचं लग्न आलं. बारा दिवस व्यायाम बंद आणि रिसेप्शनला उंच टाचेच्या सँडल. त्या पुन्हा आल्या तेव्हा घोटा सुजलेला आणि चेहरा पडलेला. मी रागावले नाही. मोजमापं पुन्हा घेतली आणि दाखवलं की टाच उचलणं ६ वरून ११ वर गेलं होतं ते १०वर आलंय, शून्यावर नाही. सूज चार दिवसांत उतरली. अशा वेळी लोक "काही फरक पडत नाही" म्हणून सगळंच सोडतात, आणि पुढच्या वर्षी तोच घोटा घेऊन येतात. त्यामुळे आकडे लिहून ठेवणं मला औषधाइतकंच गरजेचं वाटतं.

उत्तरायण

१४ जानेवारीला बडोद्यात माणसं गच्चीवर असतात आणि नजर वर असते. पतंगाची ढील देत मागे मागे सरकायचं, डोळे आभाळात, पायाखाली विटा, फिरकी, पाण्याच्या टाकीचे पाइप. पायाच्या खबरीची याहून कठीण परीक्षा मला माहीत नाही. मी त्यांना बूट घालून जायला आणि कठड्यापासून लांब राहायला सांगितलं होतं.

दुपारी त्यांचा फोन आला. मागे सरकताना टाच विटेच्या तुकड्यावर पडली, पाय वळायला लागला आणि वळला नाही. "ताई, मी काही केलंच नाही, पायानं आपला आपण सावरलं." दुसऱ्या दिवशी थोडं दुखलं, तिसऱ्या दिवशी गेलं. त्या आठवड्यात डोळे मिटून उजव्या पायावर त्या ७ सेकंद उभ्या राहिल्या.

त्यानंतर लहान उड्या, आधी दोन्ही पायांवर, मग एकावर, मग आडव्या. मार्चमध्ये बूट घालून गच्चीवर गरब्याची पावलं, आधी बे ताली (दोन टाळ्यांचा गरबा), संथ. दोढियुं मी एप्रिलपर्यंत करू दिलं नाही. वळून टेकवणं हीच त्यांच्या पायाची अवघड जागा होती.

पुढच्या नवरात्राची तयारी

पाय बरा करणं एक आणि नऊ रात्रींसाठी तयार करणं वेगळं. राखीपौर्णिमेपासून घटस्थापनेपर्यंत दीड महिना मिळतो. आठवड्यातून तीन दिवस २० मिनिटांपासून सुरुवात केली आणि पितृपक्ष संपेपर्यंत सलग ७५ मिनिटांवर नेलं, शेवटचे तीन आठवडे अनवाणी. तळव्याची कातडी आणि पोटरी दोन्हींना सवय लागते. शेवटच्या आठवड्यात चणिया घालूनच सराव, कारण पावणेपाच किलो घेऊन वळताना तोल वेगळ्या जागी जातो.

चाळिशीनंतर एकदम धावायला, उड्या मारायला लागणाऱ्यांच्या टाचेमागची जाड शीर तुटण्याचा धोकाही मी याच वेळी समजावते. मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटतं, वळून बघावं तर कुणी नसतं. तसं झालं तर खेळ जागच्या जागी थांबवून त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे. पुरुषांच्या बाबतीत हे मी रविवारच्या क्रिकेटमध्ये जास्त पाहिलंय.

घोट्याला लेस बांधायचा आधारपट्टा ठरवला. एकदा मुरगळलेल्या घोट्याला खेळताना असा पट्टा बांधला तर पुन्हा मुरगळणं कमी होतं, हे पुष्कळदा दिसून आलेलं आहे. चिकटपट्टीचा आधार घाम आणि हालचालीनं थोड्याच वेळात सैल पडतो, आणि क्रेप बँडेज तर घोटा वळताना थांबवतच नाही. त्याच्या भरवशावर कुणी मैदानात उतरू नये.

उपासाबद्दल बोलणं नाजूक होतं. उपास सोडा असं मी सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण दिवसभर नुसती साबुदाण्याची खिचडी आणि चहा यांवर रात्री तीन तास नाचणारा स्नायू दमतो आणि दमलेला स्नायू उशिरा सावरतो. दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा, रताळं, भगर, सैंधव घातलेलं ताक, हे सगळं उपासालाही चालतं. सासूबाईंनी स्वतः यादी केली आणि ओट्यावर चिकटवली. बँकेतून आल्यावर ४० मिनिटं झोप, हेही त्यांनीच ठरवलं आणि तेवढा वेळ दाराशी बसून पाहुण्यांना थोपवलं.

त्या वर्षी वहिनी नऊपैकी सहा रात्री खेळल्या, सलग दोनपेक्षा जास्त कधीच नाही, आणि एका वेळी फार तर दोन तास. गर्दी व्हायच्या आधी अर्धा तास जाऊन मुलीबरोबर आपल्या घेराची जागा बघायच्या, खडे उचलायच्या. दहा मिनिटं चालणं, टाचा उचलणं, हळू बे ताली, मग खेळ. पाचव्या माळेला पोटरीत गोळा आला. त्या दिवशी बँकेत हिशेबाची गडबड होती आणि पाणी पिणं राहून गेलं होतं. त्या बाजूला बसल्या, पोटरी ताणली, ताक प्यायल्या आणि घरी आल्या. अष्टमीला खेळल्या. घोटा एकदाही वळला नाही.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी शेवटची मोजमापं घेतली. भिंतीपासून डावा ११, उजवा १० सेंटिमीटर. टाच उचलणं डावा २४, उजवा २२. डोळे मिटून उजव्यावर ११ सेकंद. पाऊल पुढे ओढल्यावर उजवं अजूनही किंचित जास्त सरकतं, ते तसंच राहील असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. म्हणून आधारपट्टा पुढच्या नवरात्रातही, आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं कायमचं. त्या निघाल्या तेव्हा मी खिडकीतून बघत होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन, मुलीशी बोलत बोलत, खाली न बघता त्या क्लिनिकच्या सात पायऱ्या उतरून गेल्या.